शंभर टक्के हजेरी

१२ नोव्हेंबर, मंगळवार
शहरातलं तीन दिवसांचं ट्रेनिंग संपवून बोटीने बेटावर परत. शाळेचं ध्येय कसं लिहायचं ते आता पक्कं कळलं. मोघम नको. किती, कधीपर्यंत, कोण मोजणार, सगळं एका वाक्यात. 'मुलांची प्रगती व्हावी' असं लिहिणाऱ्या हेडमास्तरांना सुपरवायझर मॅडमनी सर्वांसमोर उभं केलं. त्यात मीही होतो, पण मी उंच असल्यामुळे तसाही उठून दिसतो.
संकल्प : बुगनान प्राथमिक शाळेचा सुधारणा आराखडा शुक्रवारपर्यंत पूर्ण. ध्येयं पाच.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
एक ध्येय लिहून झालं. बाकीची चार मनात तयार आहेत.
'३१ मार्चपर्यंत चौथीची रोजची हजेरी शंभर टक्के. मोजणार : हेडमास्तर डेल्फिन सुमागायसाय.'
तीनदा मोठ्याने वाचलं. भारदस्त वाटतं.

१८ नोव्हेंबर, सकाळी ८
चौथीच्या दारात उभा राहून मोजलं. पटावर तेवीस. बाकांवर बावीस. फेलिसा मॅडमनी हजेरी घेतली, तर 'हजर' तेवीस वेळा.
मॅडमना बाहेर बोलावलं. त्या म्हणाल्या, "मारिडेलचंही नाव घेते सर. मुलं पाळीपाळीने तिच्या वतीने हजर म्हणतात."
मारिडेल बालासा ऑगस्टमध्ये वडिलांबरोबर समुद्रात बुडाली. होडी सापडली, माणसं नाहीत. हा आकड्यांचा घोळ आहे, असं मी मॅडमना शांतपणे समजावलं. त्या म्हणाल्या, "मग आकड्यांना समजवा. मुलांना मी काही सांगणार नाही."
उपाय सोपा आहे. आईची सही घेऊन नाव कमी करायचं. ३० नोव्हेंबरपर्यंत. मी भावनेच्या आहारी जाणारा माणूस नाही.

२२ नोव्हेंबर
मारिडेलच्या आईकडे गेलो. मनांग एडिथा (मनांग म्हणजे ताई, सगळं बेट त्यांना तसंच म्हणतं) अंगणात मासे वाळत घालत होत्या. जेवल्याशिवाय सोडेनात. मी फॉर्म काढणार तेवढ्यात त्यांनी पुन्हा भात वाढला. तेलकट हाताने सरकारी कागद काढणं बरं नव्हे.

३ डिसेंबर
दुसरी भेट. पेन विसरलो.

९ डिसेंबर
तिसरी भेट. पेन होतं, फॉर्मही पुढे केला. त्यांनी तो वाचला, घडी घालून माझ्या हातात परत दिला. म्हणाल्या, "सर, नाव काढलं आणि पोरगी आली, तर तिला कुठे बसवाल?"
हे ट्रेनिंगमध्ये नव्हतं. 'पाहू' म्हणालो.
मुदत ३१ जानेवारी केली. याला अपयश म्हणत नाहीत. वास्तववादी नियोजन म्हणतात.

८ जानेवारी
सुट्टीनंतरचा पहिला आठवडा. चौथीच्या दाराशी काढलेल्या चपला मोजल्या. मुलं बावीस, जोड तेवीस. पुन्हा मोजले. एक लहान जोड, निळ्या पट्ट्यांचा.
कोणीतरी दोन जोड आणत असेल. चौकशी करणे.

९ जानेवारी, सकाळी ६.३०
शाळेमागच्या बदामाच्या झाडाआड उभा राहिलो. मनांग एडिथा आल्या. निळ्या चपला झग्याला पुसून नीट जोडून ठेवल्या आणि गेल्या. म्हणजे तसं आहे तर. उलगडा झाला, हायसं वाटलं.

त्याच दिवशी, ८.१०
निळ्या चपला ओल्या. दव पडलं असणार. बाकीच्या बावीस जोडांवर पडलं नाही. दवाचं काही सांगता येत नाही.

२३ जानेवारी
आज हजेरीच्या वेळी खिडकीबाहेर होतो. 'बालासा, मारिडेल.' तिसऱ्या बाकाकडून 'हजर.' मुलीचा आवाज, जरा घोगरा. मधल्या सुट्टीत मॅडमना विचारलं, आज पाळी कुणाची होती. त्या म्हणाल्या, "रेनानची. पण तो तापाने घरी आहे."
मग कोण बोललं, असं विचारलं. मॅडम म्हणाल्या, "तुम्हालाही आलं ऐकू?" आणि डबा तसाच झाकून वर्गात गेल्या.
छपरातली पाल असेल. इथल्या पाली बोलल्यासारख्या ओरडतात. शिवाय मी रक्तदाबाची गोळी विसरलो होतो. घेतली.

३१ जानेवारी
मुदतीचा दिवस. चौथी भेट. मनांग एडिथांनी आज जेवायला वाढलं नाही. बसायला सांगितलं. बापलेक पलीकडच्या किनाऱ्यावर आजीकडे गेले होते, तिथली गोष्ट त्यांनी सांगितली. म्हणाल्या, "रविवारी वारं सुटलं होतं. बाप म्हणत होता, मंगळवारी निघू. पण पोरीने हट्ट धरला. म्हणाली, एक दिवस जरी चुकला तरी सरांची रिबीन जाणार."
त्या रागावलेल्या नव्हत्या. मासे उलटत सांगत होत्या.
पूर्ण हजेरीला लाल रिबीन, ही कल्पना वरून आली होती, असं मी त्यांना सांगितलं.
वरून आली नव्हती. ही वही कुणी वाचत नाही, म्हणून लिहितो.

१४ फेब्रुवारी
ध्येय बदलायचं ठरवलं. '३१ मार्चपर्यंत दोन नवी शौचालये.' मोजायला सोपं, बांधली की दोनच असतात. लिहिलं. सकाळी आठला पाय आपोआप चौथीकडे गेले. ती शिस्त. परत येऊन शौचालयं खोडली.

१० मार्च
मनांग एडिथा आपणहून ऑफिसात आल्या. बहिणीकडे कायमच्या राहायला चालल्या आहेत, दुपारच्या बोटीने. म्हणाल्या, "सही करते सर. मी इथे नसणार. तिच्या चपला रोज कोण आणून ठेवील?"
मी म्हणालो, फॉर्म संपलेत.
त्या म्हणाल्या, "तुमच्या खिशात आहे की. नोव्हेंबरपासून त्याचं टोक दिसतंय."
मी म्हणालो, वर्ष संपत आलं, आता जूनमध्ये पाहू. घाई कशाला. त्यांनी हात पुढे केला. फॉर्म दिला. पेन माझंच. त्यांनी नाव सावकाश लिहिलं, आधी मुलीचं, मग स्वतःचं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही जेवत जा सर. उतरलाय तुम्ही."
ध्येय क्र. १ च्या मार्गातला अडथळा दूर. बोट जाईपर्यंत धक्क्यावर उभा होतो. वाहतुकीची पाहणी.

११ मार्च, सकाळी ८
पटावर बावीस. वर्गात बावीस. रेनानसुद्धा बरा होऊन कधीच आलेला. आजचा आकडा आराखड्यात जाणार, म्हणून वर्गातच उभा राहून मोजत होतो.
मॅडमनी नवा पट वाचला. अल्काराझ, हजर. मग थेट काबायाओ. मध्ये जिथे बालासा यायची, तिथे मॅडम थांबल्या नाहीत. तरी मध्ये 'हजर' आलं.
मी बावीस तोंडांकडे पाहत होतो. एकही उघडलं नव्हतं. कोणी मागे वळून पाहिलं नाही. कोण बोललं, ते मी विचारलं नाही.
एकूण तेवीस.

११ मार्च, दुपार
तेवीस भागिले बावीस. १०४.५ टक्के. तीनदा केलं. कॉम्प्युटरवरचा फॉर्म शंभराच्या वरचा आकडा घेत नाही, लाल होतो. शंभर लिहिलं तर घेतो. शंभर लिहिलं. पुसलं.

२० मार्च
आराखडा पाठवला. पाचपैकी एकच ध्येय आणि त्याच्यापुढची चौकट रिकामी.
चार वाजता सुपरवायझर मॅडमचा फोन. म्हणाल्या, "सर, तीन दिवस ट्रेनिंग दिलं. तुम्हाला बावीस मुलांची साधी हजेरी मोजता येत नाही?"
नाही म्हणालो.