माझ्या मुलीस काहीही न देण्याबाबत

मी, खाली सही करणारा, वय बहात्तर, धंदा वजनकाटे दुरुस्ती, आणि इच्छा नसताना गेली एकेचाळीस वर्षे वंशशोधक मंडळाचा चिटणीस, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. "कोणाच्याही दडपणाखाली न येता" असे येथे लिहायचे असते, असे वकीलबाई म्हणाल्या. ते मी लिहिणार नाही, कारण ते खोटे आहे. माझ्यावर दडपण आहे. ते जमिनीपासून छतापर्यंत रचलेल्या पत्र्याच्या पेट्यांचे आहे आणि त्या पेट्यांतल्या माणसांचे आहे, जी माझी कोणीही लागत नाहीत.

हे मृत्युपत्र मी एकाच कारणासाठी करत आहे. माझी मुलगी या घरातून सुटली पाहिजे. बाकीची कलमे त्या एका गोष्टीच्या आगेमागे येतील.

कलम पहिले. घराविषयी.

इस्त्रीच्या दुकानावरच्या तीन खोल्या, जिना आणि गच्चीचा अर्धा भाग माझ्या मालकीचा आहे. तो मला वडिलांकडून मिळाला. कसा मिळाला ते सांगणे भाग आहे, नाहीतर पुढचे काही कळणार नाही.

मंडळ वडिलांनी स्थापन केले. एखाद्या घराण्याला आपली पिढ्यान्‌पिढ्यांची माहिती हवी असली की त्यांनी घरातले जुने कागद, फोटो, जन्ममृत्यूचे दाखले पेटीत भरून आणून द्यायचे आणि चिटणिसाने त्यावरून वंशवृक्ष काढायचा. पेटी मग आमच्याकडेच राहते. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सभा. एरवी कोणीही, कधीही, कोणत्याही पूर्वजाची चौकशी करायला आले तर चिटणिसाने दार उघडायचे, असा नियम आहे. तो नियम वडिलांनी केला. त्यांना झोप कमी होती.

मला बंदरावर जायचे होते. तिथे जहाजातला माल तोलणारे मोठे काटे असतात, अख्खा ट्रक उभा राहील एवढे, आणि त्यांच्या देखभालीची नोकरी मला मिळाली होती. वडिलांना भीतभीतच सांगितले. ते म्हणाले, "जा की. मी काय तुला बांधून ठेवलंय?" मी आनंदाने ट्रंक घेतली. मी निघायच्या आधीच वडील गेले, आणि त्यांचे मृत्युपत्र उघडले तर त्यात लिहिले होते की घर मुलाला, मात्र हे घर ज्याच्या ताब्यात तोच मंडळाचा चिटणीस. मंडळाने त्याच आठवड्यात तसा ठराव करून टाकला. बायको पोटुशी होती आणि दुसरे छप्पर नव्हते. मी ट्रंक रिकामी केली. तिच्यात आता गिरणीवाल्यांच्या सहा पिढ्या आहेत.

कलम दुसरे. खिडकीविषयी.

मधल्या खोलीला पूर्वेकडे खिडकी आहे. कोणाला पटणार नाही, पण आहे. तिच्यापुढे फडताळ आले, फडताळावर पेट्या आल्या. माझ्या बायकोने लग्नानंतर माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, "तेवढी खिडकी मोकळी करा हो, सकाळी जरा ऊन येईल." मी पुढच्या सभेत विषय मांडला. सभेने त्यावर उपसमिती नेमली. उपसमितीचा अहवाल यायच्या आत माझी बायको त्याच खोलीत वारली, दिवसाढवळ्या, दिवा लावलेला असताना. मला याचा अजून राग येतो. उपसमितीवर येतो आणि माझ्यावरही येतो.

घर पुढच्या माणसाच्या ताब्यात देण्यापूर्वी ते फडताळ हलवावे. वकीलबाई म्हणाल्या, "हे कायद्यात बसत नाही." मी म्हणालो, "मग कायद्याला जरा सरकून बसायला सांगा." त्या हसल्या आणि लिहू दिले.

कलम तिसरे. घर कोणास द्यावे.

माझे वरील घर, जिन्यासह, पेट्यांसह, दारावरच्या घंटीसह, मी मंडळाच्या अध्यक्षांना देत आहे.

याला कारण आहे. मी दरवर्षी वार्षिक सभेत राजीनामा देतो. दरवर्षी अध्यक्ष उठतात, खाकरतात आणि म्हणतात, "चिटणिसांशिवाय मंडळ म्हणजे मुळाशिवाय झाड." मग हात वर होतात आणि राजीनामा एकमताने नामंजूर होतो. मी स्वतः विरोधात हात वर केला तरी ते एकमतच धरले जाते. अध्यक्षांना पूर्वजांचा फार अभिमान. माझ्या वडिलांच्या वेळेपासून त्यांना आपल्या घराण्यात सेनापती हवा आहे. मी तीन नोंदवह्या पालथ्या घातल्या आणि सैन्यात त्यांचा एक पूर्वज मिळाला, पण तो स्वयंपाकी निघाला. तेव्हापासून ते म्हणतात की माझे संशोधन अपुरे आहे. आता पेट्या, घर आणि चिटणीसपद सगळे त्यांच्या हाती येईल. निवांतपणे शोधावा सेनापती.

मी मृत्युपत्र करतो आहे हे कानावर पडताच अध्यक्ष आपणहून आले होते. खिशाला चांगले पेन लावलेले. म्हणाले, "साक्षीदार म्हणून मी सही करणार. तेवढा मान माझा."

मी म्हणालो, "तुम्हाला करता येणार नाही. ज्याला काही मिळणार आहे त्यानं साक्ष करू नये."

त्यांनी पेनवरचा हात काढला. मग त्यांचे डोळे भरून आले. "म्हणजे माझ्यासाठी काही ठेवलंयत तुम्ही?"

"हो," मी म्हणालो. "होतं नव्हतं ते सगळंच."

जाताना त्यांनी मला मिठी मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

अध्यक्षांनी घर नाकारले तर ते उपाध्यक्षांस, त्यांनी नाकारले तर खजिनदारांस, आणि पुढे गेल्या वार्षिक सभेत माझ्या राजीनाम्याविरुद्ध ज्यांनी ज्यांनी हात वर केले त्यांस, हात ज्या क्रमाने वर झाले त्याच क्रमाने मिळावे. क्रम माझ्या लक्षात आहे आणि वकीलबाईंना लिहून दिला आहे. सगळ्यांनीच नाकारले, तर प्रत्येक पेटी तिच्या घराण्याच्या दारात नेऊन ठेवावी आणि रिकामे घर खालच्या गल्लीत लहान मुलांची शाळा चालवणाऱ्या बाईंना द्यावे. त्या खिडक्या उघड्या ठेवतात.

कलम चौथे. हत्यारांविषयी.

माझे पाने, कानशी, वजनांचा पितळी संच आणि छोटी ऐरण, हे सर्व मी पलीकडच्या चौकातल्या काटेवाल्याला देत आहे. आमच्यात बोलणे नाही. त्याने भाजीवाल्यांत पसरवले होते की मी दुरुस्त केलेला काटा दुकानदाराच्या बाजूने झुकतो. हे खोटे होते आणि त्यालाही ठाऊक होते. पण त्याचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, आणि चांगली हत्यारे गंजत पडली तर माझ्या जिवाला लागेल. हे त्याला माझ्या मागे कळावे, आधी कळता कामा नये.

कलम पाचवे. शिल्लक.

बँकेत माझ्या क्रियाकर्मापुरते पैसे आहेत. बाकी होते ते मी मुलीला हातात देऊन टाकले. जिवंतपणी दिलेले मृत्युपत्रात येत नाही, म्हणून त्याचा उल्लेख येथे नाही असे समजावे.

कलम सहावे. माझी मुलगी.

ती दातांच्या कवळ्या करते. हात इतका साफ की घालणाऱ्याला आपलेच दात परत आल्यासारखे वाटते. लांबच्या शहरातल्या एका मोठ्या दवाखान्याने तिला स्वतंत्र कार्यशाळा देऊ केली, हाताखाली चार माणसे देऊ केली. दोनदा बोलावले, दोनदा तिने नाही म्हणून कळवले. मी विचारले तर म्हणाली, "बाबा, मी गेले तर हे सगळं कोण बघणार?" आणि पेट्यांकडे हात केला. माझ्याकडे नव्हे.

गेल्या वार्षिक सभेत ती चहा घेऊन आत आली तेव्हा अध्यक्षांनी तिच्याकडे बोट दाखवून जाहीर केले, "काळजी नको. पुढची चिटणीस घरातच तयार आहे." टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्या दातांनी अध्यक्ष हे बोलले ते दात तिनेच केलेले आहेत. ती हातात ट्रे धरून उभी होती आणि हसत होती, लोकांसमोर हसावे लागते तसे. मी बोललो असतो तर तो विषय म्हणून नोंदवला गेला असता.

त्याच आठवड्यात आम्ही जेवायला बसलो असताना घंटी वाजली. ती घास टाकून उठली. बाहेरून तिचा आवाज आला, "तुमचे आजोबा कुठल्या शाखेतले? थोरल्या की धाकट्या? या, आत या, चप्पल असू द्या." तो आवाज तिचा नव्हता. माझाही नव्हता. तो माझ्या वडिलांचा होता. मी हातातला घास ताटात ठेवला आणि ती परत येण्याची वाट पाहिली.

मी तिला म्हणालो, "तू जा. मी सोडलं तुला."

ती म्हणाली, "तोंडी नको, बाबा. तोंडी तर आजोबांनीही तुम्हाला सोडलं होतं."

दवाखान्याने तेव्हा तिसऱ्यांदा विचारले होते. तिने दवाखान्याकडून महिन्याची मुदत मागून घेतली आणि मला सांगितले, "कागद करा. माझं नाव या घराला कुठंही चिकटलेलं नाही असं मला दिसू दे, मग मी जाईन. नाही दिसलं तर राहीन, आणि नंतर तुम्हाला बोल लावणार नाही." हे शेवटचे तिने प्रेमाने म्हटले. मला तेच जास्त लागले.

म्हणून हे कलम मी स्वच्छ अक्षरात लिहीत आहे.

माझ्या मुलीस मी काहीही देत नाही. घर नाही, घराचा वाटा नाही, किल्ली नाही, एकही पेटी नाही. मंडळाचे कोणतेही पद, मानद असो वा हंगामी, तिच्याकडे जाणार नाही. आजारपण, अडचण किंवा "तेवढ्यापुरतं" या सबबीखाली तिला कोणी बोलावू नये. ती भेटायला आली तर माणूस म्हणून यावी, आणि तिला चहा दुसऱ्या कोणीतरी करून द्यावा. मी आजारी पडलो तरी तिने नोकरी सोडून परत येऊ नये. माझे बघायला इस्त्रीवाल्या बाई आहेत आणि त्यांनी हो म्हटले आहे. मी स्वतः या घरातून आता कुठे जाणार नाही. जिना उतरून जायचे म्हटले तरी मधेच बसावे लागते, आणि बंदरावर म्हाताऱ्याला कोण काम देणार? माझे जे झाले ते झाले.

एक अडचण मात्र कागदाने सुटत नव्हती. कोणाची कुठली पेटी कुठे आहे, कोणत्या फोटोतली मुंडासेवाला माणूस कोणाचा चुलत आजोबा लागतो, हे सगळे तिच्या डोक्यात आहे. ती जगाच्या पाठीवर कुठेही गेली तरी मंडळी फोन करणार, आणि ती सांगणार, कारण तिला नाही म्हणता येत नाही. एकदा सांगितले की दुसऱ्यांदा विचारणार. तिसऱ्यांदा, "दोन दिवस येऊन जा" म्हणणार. आमच्याकडे माणसे अशीच अडकतात.

तेव्हा मी तिला आज्ञा करतो, आणि ही माझी तिला एकमेव आज्ञा आहे: कोणी काहीही विचारले तरी तिने "माहीत नाही" म्हणावे. खोटे बोलावे. बिनधास्त बोलावे. त्याचे पाप माझ्या खात्यावर.

आम्ही रोज सराव करतो. पहिल्या दिवशी मी विचारले, "गिरणीवाल्यांचं कुठं असतं हो?" ती पटकन म्हणाली, "ट्रंकेत, पलंगाखाली," आणि जीभ चावली. दुसऱ्या दिवशी विचारले, "डॉक्टरांच्या आजीचं माहेर कुठलं?" तिने ओठ दाबून धरले, तोंड लाल झाले आणि शेवटी म्हणाली, "बाबा, निदान शाखा तरी सांगू द्या ना!" आम्ही दोघे हसून हसून दमलो. या घरात इतके हसणे तिची आई गेल्यापासून झाले नव्हते. पण जमत काही नव्हते, आणि दवाखान्याची मुदत संपत आली होती.

परवा ती भांडी पुसत होती. मी मुद्दाम परक्या माणसाच्या आवाजात विचारले, "अहो बाई, तुमच्या वडिलांची पेटी कुठं ठेवलीय हो?"

तिने मान वर केली नाही. "माहीत नाही," म्हणाली.

"असं कसं? तुमचेच वडील ना?"

"हो. पण मला काहीच माहीत नाही. दुसरीकडं विचारा."

आवाज जराही हलला नाही.  मी मधल्या खोलीत जाऊन पेट्यांना पाठ लावून बसलो आणि मला रडू आले, दुःखाने आणि सुटकेने, दोन्हींनी एकदमच. थोड्या वेळाने तिने आत डोकावून विचारले, "जमलं ना, बाबा?"

जमले. माझी मुलगी येत्या मंगळवारी जात आहे.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला आणि साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. खोडाखोड आहे ती माझीच आहे. याआधी माझ्या नावाने कोणी कोणताही ठराव केला असल्यास तो या कागदापुढे चालणार नाही.

सही: वजनकाटेवाला (चिटणीस असे लिहू नये)

साक्षीदार पहिली: तळमजल्यावरची इस्त्रीवाली. ऐकून सही केली.

साक्षीदार दुसरा: या गल्लीचा टपालवाला. ऐकून सही केली.

स्थळ: पुढची खोली, पेट्यांमधल्या मोकळ्या जागेत.

दिनांक: महिन्याचा शेवटचा रविवार, सभेची मंडळी जिना चढत असताना.