देवजीचा गुडघा

मुरबाड,
ता. २० नोव्हेंबर १९३८

श्री. रा. रा. लडकूशेठ भेरे, व्याही यांस, काळूराम देसले याचा सा. न. वि. वि.

तुमचं कार्ड पोचलं. इगतपुरीने मनमाडला दोन गोलांनी हरवलं हे वाचून आनंद झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल, म्हणून लिहीत नाही. तुम्ही बावीस वर्षं इगतपुरी स्टेशनात रुळांचे सांधे बदललेत, तेव्हा तिथल्या रेल्वेच्या हॉकी संघावर तुमचा जीव असणार, हे मला कळतं. पण पोटचा मुलगा देवजी कल्याणकडून फॉरवर्ड खेळतो आणि बाप इगतपुरीच्या नावाने ओरडतो, हे इथे कोणाला सांगितलं तर लोक मलाच हसतात.

मी मात्र जावयामुळे कल्याणचा. त्याआधी हॉकी कशाशी खातात हे मला कुठे ठाऊक होतं? लग्नानंतर जिवलीचं पहिलं पत्र आलं, त्यात सासरचं अर्धं पान आणि मॅचची अडीच पानं. उभा जन्म मास्तरकी केली, पण खेळ सुरू करताना बुली कशी करतात ते मला लेकीने शिकवलं. तिला जाऊन आता सव्वा वर्ष झालं. चार दिवसांच्या तापात हातची गेली. तिची आईही नाही, म्हणजे घरात मी एकटाच. शेजारची बाईजा भाकऱ्या टाकून जाते. गुरुवारी टपाल येतं, तेवढा एक दिवस जरा घाईचा जातो.

तुमचं म्हणणं की कल्याणच्या पोरांत दम नाही, म्हणून लागोपाठ दोन वर्षं ती ढालीच्या सेमीफायनलला इगतपुरीकडून हरली. मला ते मान्य नाही. दम आहे, झोप नाही. इंजिनांच्या शेडमध्ये आठ तास हातोडा मारून माणूस मैदानात उतरतो, तो शेवटच्या दहा मिनिटांत पाय ओढणारच. तुमच्या इगतपुरीवाल्यांना मॅचच्या आधी रजा मिळते म्हणतात. देवजीला तेवढं सांगा की खेळाच्या आदल्या दिवशी बदली ड्यूटी घेत जाऊ नको. माझं सांगणं तो ऐकतो.

इगतपुरीवर नसला तरी तुमच्यावर माझा लोभ आहे. तुमचाही तसाच राहू द्यावा.

आपला,
काळूराम


शहापूर,
ता. १४ डिसेंबर १९३८

श्री. काळूराम मास्तर, व्याहीबुवा यांना लडकूचा रामराम वि. वि.

रविवारी सेमीफायनल झाली. इगतपुरी तीन, कल्याण एक. देवजी खेळला नाही. गुडघा दुखावला आहे, उजवा. सरावात स्टिक लागली. तसं फार नाही.

मीही मॅचला नव्हतो. दुसऱ्या दिवशी आसनगाव स्टेशनात गार्डाने सांगितलं. कल्याणने पहिला गोल केला म्हणे, मग डावी बाजू मोकळी पडली. देवजीच्या जागी नवीन पोरगा घातला होता, त्याला चेंडूच मिळाला नाही. इगतपुरीचा सेंटर हाफही लंगडत होता, पण जिंकली. तुम्ही म्हणाल, आता लडकू दोन पानं भरून चिडवील. या वेळी नाही चिडवत.

थंडी बरी पडली आहे. वाल चांगले आलेत. तुमची तब्येत सांभाळा.

जास्त काय लिहू? राग असेल तिथे थोडा लोभ ठेवावा.

लडकू


मुरबाड,
ता. १९ डिसेंबर १९३८

श्री. रा. रा. लडकूशेठ, व्याही यांस, काळूराम याचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून जिवाला घोर लागला. तुम्ही लिहिता, तसं फार नाही. मग सेमीफायनल कशी चुकली? गेल्या वर्षी अंगठ्याचं नख उलटलं होतं तरी देवजी चिंधी बांधून खेळला होता. तो बसून राहतो म्हणजे दुखणं लहान नाही. सूज वाटीच्या वर आहे की खाली? पाय पूर्ण दुमडतो का? जिना चढताना दुखतं की उतरताना? हे त्याला विचारून लिहा. तुम्ही दोन ओळींत उरकता आणि इथे मला जेवण जात नाही.

या मोटारीने मंगळ्या ड्रायव्हरबरोबर निरगुडीचा पाला पाठवला आहे. वैशाखरे गावावरच्या डोंगरात जाऊन मी स्वतः तोडून आणला. तव्यावर गरम करून दोन वेळा बांधायचा आणि पट्टी घट्ट आवळायची नाही. पण हे करणार कोण? तुम्ही शहापुरात, तो कल्याणला चाळीत एकटा. म्हणून सुचतं ते लिहितो. त्याला पंधरा दिवस इकडे पाठवा. ओटीवरची खोली सारवून घेतली आहे. जिवली बाळंतपणाला येईल म्हणून तिथे खाट घातली होती, ती तशीच आहे. त्याला पाय लांब करून पडता येईल. मलाही घरात कोणीतरी बोलायला होईल, हे कबूल करतो.

इगतपुरीचा विजय मी धरत नाही. समोरचा घोडा लंगडा असताना शर्यत जिंकण्यात काय आहे? पण त्यावर भांडायला आज मन नाही.

लोभ आहेच. उत्तर तेवढं लगेच पाठवावं.

काळूराम


शहापूर,
ता. २६ डिसेंबर १९३८

श्री. मास्तर यांना लडकूचा रामराम वि. वि.

पाला पोचला. गुडघा बरा आहे. देवजीला रजा नाही, त्यामुळे मुरबाडला येणं होणार नाही. तुम्ही आता रानात हिंडू नका, या वयात पाय घसरला तर कोण बघणार? इगतपुरीची फायनल भुसावळशी आहे.

लोभ करता तसा करीत राहावं.

लडकू


मुरबाड,
ता. ९ जानेवारी १९३९

रा. रा. लडकू भेरे यांस, काळूराम देसले याचा नमस्कार.

म्हशाच्या यात्रेला गेलो होतो. घोंगडी घ्यायची होती. घोंगड्यांच्या रांगेत तुमच्या शहापूरचा गोजर तेली भेटला. मी त्याला देवजीच्या पायाचं विचारलं. तो म्हणाला, पायाला काय झालंय मास्तर, आमी तर गेल्या महिन्याच्या अकरा तारखेला त्याच्या लग्नात जेवलो. मुलगी तुमच्या बहिणीच्या सासरची, राही नाव, हेही त्यानेच सांगितलं. माझा चेहरा पाहून तो बिचारा घाबरला आणि मला बसायला जागा करून दिली.

देवजीने दुसरं लग्न केलं याचा मला राग नाही. सत्तावीस वर्षांचा माणूस, त्याने घर मांडू नये तर काय करावं? होळीनंतर मीच तुम्हाला तसं लिहिणार होतो. दुसरी हळद लागण्याआधी पहिल्या सासऱ्याला कोणीतरी येऊन सांगतं, एवढी आपल्यात रीत आहे. तेही तुमच्याच्याने होत नव्हतं, तर एक कार्ड टाकायचं. मी आलो असतो, नाहीतर घरात बसून रडलो असतो. पण माझं मला कळलं असतं.

तुम्ही मला गुडघा लिहून पाठवलात. मी त्या गुडघ्यासाठी डोंगर चढलो. सूज वर की खाली, असं विचारत बसलो. खोली सारवली. तुम्ही ते सगळं वाचलंत आणि पुन्हा लिहिलंत की गुडघा बरा आहे. सहा वर्षं आपण हॉकीवरून भांडलो, पण तुम्ही सांगितलेल्या एका गोलावर मी कधी शंका घेतली नाही. जिवलीमागे आपल्यात तेवढंच उरलं होतं, आणि तुम्ही त्यातच खोटं घातलंत.

आता कल्याणचा संघ माझा कोण? लेक होती म्हणून जावई आणि जावई होता म्हणून कल्याण. नव्या मुलीचा बाप आता कल्याणच्या बाजूने ओरडेल. मी कोणाच्या बाजूने ओरडायचं, ते मला कळत नाही.

लोभाचं वाक्य लिहायला आज हात वळत नाही.

काळूराम


शहापूर,
ता. २ मार्च १९३९

श्री. काळूराम मास्तर, माझे व्याही, यांना लडकूचा साष्टांग नमस्कार वि. वि.

माझ्या मागच्या दोन पत्रांचं उत्तर नाही. हे तिसरं. तुम्ही नावापुढचं व्याही काढलंत, मी ते पुन्हा घातलं आहे. खोडायचं तर खोडा.

झालं ते असं. मुलीचा आजा अंथरुणाला खिळला होता. तो म्हणाला, माज्या डोल्यादेखत पोरीला हळद लावा. चार दिवसांत सगळं उरकलं. मी त्या चार दिवसांत तुमच्या नावाची तीन कार्डं लिहिली आणि तिन्ही फाडली. जिवलीच्या बापाला हे कसं लिहू, तेच सुचेना. लग्न झाल्यावर बसलो, तर म्हटलं निदान मॅचचं लिहू. देवजी खेळला नाही, एवढं लिहून झालं. मग का खेळला नाही, ते लिहायला लागलं. तिथे गुडघा आला. माझा हात कसा धजला, माझं मलाच ठाऊक नाही. पाला आला त्या दिवशी मी तो हातात घेऊन पडवीत बसलो. देवजी घरी आला तेव्हा त्याला दाखवला. तो त्या दिवशी जेवला नाही. तुमच्याकडे जाऊन पाया पडतो म्हणाला, तर मीच अडवलं. ती दुसरी चूक.

इगतपुरी फायनल हरली. दोनदा बरोबरी सुटली, मग पाच दिवसांत ती तिसरी मॅच, पोरांचे पाय उचलत नव्हते. सेंटर हाफला तर उचलूनच बाहेर नेला. भुसावळने चार गोल केले. मी आठ दिवस वाट पाहिली की मुरबाडहून आता शालजोडीतला येईल, दम नाही का म्हणून विचारतील. काही आलं नाही. मास्तर, हरल्याचं वाईट वाटलं नाही एवढं त्याचं वाटलं. देवजी आणि राही दोघं कल्याणला. माझी बायको जाऊन दहा वर्षं झाली. इथे हॉकीचं नाव काढलं तर सकुबाई दूधवालीसुद्धा पाठ फिरवते.

रविवारी २६ तारखेला कपाची सेमीफायनल आहे. कल्याण आणि इगतपुरी, कल्याणच्या मैदानावर. मी दक्षिणेकडच्या बाकावर असेन. शेजारी जागा ठेवतो. मला शिव्या द्यायच्या तर तिथे येऊन द्या.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

लडकू


मुरबाड,
ता. २८ मार्च १९३९

श्री. रा. रा. लडकूभाऊ यांस, काळूराम देसले याचा सा. न. वि. वि.

तिन्ही पत्रं पोचली होती. उत्तर लिहायला तीन वेळा बसलो आणि उठलो.

रविवारी मी कल्याणला आलो होतो. तुम्ही बाकावर टोपी ठेवून जागा धरली होती, तीही पाहिली. पण मी इगतपुरीहून आलेल्या फायरमन लोकांच्या घोळक्यात गोलामागे उभा राहिलो. खरं लिहितो, कल्याण हरताना बघायला आलो होतो. इगतपुरीने पहिला गोल केला तेव्हा सगळे नाचले. मीही ओरडायला तोंड उघडलं, पण घशातून आवाज आला नाही. मग हाफ टाइमनंतर देवजीने डावीकडून तिघांना चकवून बरोबरी केली, तेव्हा मी एवढ्याने ओरडलो की शेजारचा फायरमन म्हणाला, म्हातारबा, तुमी चुकीच्या बाजूला उभे ऱ्हायलात.

पुढे नेहमीसारखंच झालं. शेवटची दहा मिनिटं राहिली आणि कल्याणचे पाय गेले. इगतपुरीचे दोन गोल झाले. तुमचा संघ जिंकला, पण तुम्ही जागचे उठला नाहीत, हे मी पाहिलं.

तुम्ही टांगा बघायला गेलात, त्यानंतरचं सांगतो. देवजी गोलाच्या खांबाशी मान खाली घालून बसला होता. सगळे निघून गेले. मैदानालगतच्या चाळीच्या कुंपणाशी एक मुलगी हातात भाकरीचं फडकं घेऊन उभी होती. एक पाऊल पुढे टाकी, पुन्हा मागे घेई. तिला काय करावं ते कळत नव्हतं. मला कळत होतं. देवजी हरला की त्याला कोणी समजूत घातलेली खपत नाही, तो अन्नाला शिवत नाही. त्याचं कुठे चुकलं ते तोंडावर सांगायचं, म्हणजे तो भांडतो, आणि भांडून झालं की जेवतो. जिवलीने हे मला एका पत्रात लिहिलं होतं. ती गेल्यावर हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. मी ते मुरबाडला परत घेऊन गेलो असतो तर माझ्याबरोबरच संपलं असतं.

म्हणून मी तिच्याजवळ गेलो. म्हटलं की पोरी, त्याची समजूत घालू नको. नुसतं एवढं म्हण की दुसऱ्या अर्ध्यात तू चेंडू जास्त वेळ अडवून धरलास, उजवीकडे दिला असतास तर गोल होता. तिने ते दोनदा घोकलं. मग मला विचारलं की बाबा, तुमी कोन? माझ्या ओठांवर जिवलीचं नाव आलं होतं. पण तिच्या हातांतल्या नव्या बांगड्या पाहिल्या आणि ते उच्चारवलं नाही. मी म्हटलं, मी कल्याणच्या बाजूचा एक म्हातारा आहे.

ती गेली. मी कुंपणाआडून पाहत होतो. देवजीने मान वर केली, मग हातवारे करून तावातावाने बोलायला लागला. तीही ऐकेना. शेवटी दोघं तिथेच मैदानात फडकं सोडून बसली आणि तो जेवला. मुरबाडची मोटार सुटायची होती, म्हणून मी निघालो. मोटारीत मला फार रडू आलं.

मी आलो होतो हे तिला सांगू नका. देवजीला सांगायचं असेल तर सांगा. मॅचच्या तारखा कळवत जा, गोल कोणी केले ते कळवत जा. आणि देवजी कधी खेळला नाही, तर का खेळला नाही, ते खरं लिहीत जा.

आपला,
काळूराम