शिंप्याच्या हृदयाचा एक ठोका

प्रिय धाकट्या,

तुझा कागद मिळाला. सही कुठे करायची तिथे तू पेन्सिलीने फुलीसुद्धा मारून ठेवली आहेस. लहानपणी माझ्याकडून गृहपाठ करून घेतानाही अशीच खूण करायचास. आई म्हणायची, दोघं एकाच माळेचे मणी. हॉस्पिटलातही तेच चिडवणं चालायचं: रिपोर्ट भावाने वाचला काय नि बहिणीने वाचला काय, सारखंच.

तुझ्या त्या संशोधनाचे दिवस आठव. पेशंट ट्रेडमिलवर चालायचा, धापा टाकत पलंगावर आडवा व्हायचा, आणि त्याच्या धडधडत्या हृदयाची सोनोग्राफीतली हलती चित्रं आपण वेगवेगळ्या खोल्यांत बसून, एकमेकांना न विचारता वाचायचो. मतं जुळली की रिपोर्ट जायचा. नाही जुळली तर त्याला परत बोलवून शिरेतून कॉन्ट्रास्ट द्यायचं. त्या औषधातल्या बारीक बुडबुड्यांनी हृदयाची पुसट भिंत स्पष्ट दिसायची. त्या आठवड्यात आपलं लागोपाठ चार वेळा जुळलं नाही. मोठे डॉक्टर तुला सगळ्यांदेखत बोलले. तुझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, डबा न उघडताच घरी न्यायचास.

पाचवा पेशंट तो शिंपी. पलंगावर पडल्यापडल्या त्याने माझ्या एप्रनची उसवलेली शिवण दाखवली. म्हणाला, पुढच्या वेळी सुईदोरा घेऊनच येतो. तीन आठवड्यांनी तो दुकानात मशीनवरच कोसळला आणि गेला. तू मला एवढंच विचारलंस, ताई, तुला काही दिसलं होतं का? मी नाही म्हटलं. दोघांनाही दिसलं नाही म्हणजे नव्हतंच, असं म्हणून तू डोळे पुसलेस आणि कामाला लागलास.

त्याची ती चित्रं माझ्याकडे आहेत. एकच ठोका, पुन्हा पुन्हा फिरणारा. माणूस जाऊन पंधरा वर्षं झाली, पण पडद्यावर त्याचं हृदय थांबत नाही. खोलीत कुणी नसलं की मी ती लावते. टोकाशी धूसर आहे, आणि त्या धुरकट जागेत भिंत जराशी मागे राहते. दर वेळी वाटतं, आज तरी नीट हलेल. भीती वाटते मला त्या पडद्याची, तरी लावतेच.

आता तुझ्या कागदावरचा हा नियम: दोघांचं मत जुळलं की कॉन्ट्रास्ट नको, सगळ्या खोल्यांना लागू. पुरावा म्हणून त्या संशोधनातला आपल्या जुळण्याचा आकडा. धाकट्या, त्या शिंप्याच्या तपासणीच्या दिवशी मी तुला चहा द्यायला आले होते. तू खोलीत नव्हतास. टेबलावर तुझा तक्ता उघडा होता, त्यावर ‘नॉर्मल’. माझ्या तक्त्यावर मी लिहून आले होते, ‘टोकाची भिंत मंद, कॉन्ट्रास्ट द्यावं’. पाचव्यांदा तुझी मान खाली जाऊ नये म्हणून मी परत जाऊन नवा तक्ता भरला. पहिला फाडायचं धाडस झालं नाही, तो सोबत पाठवते आहे. माझी सही त्याच्यावर आहे. तुझ्या फुलीवर करत नाही.

तुझीच, या खेपेला तुझ्याशी न जुळणारी,
ताई