सुतळी बांधलेला पाय

प्रिय बुटके,

पन्नाशीला टेकलीस तरी तुला बुटकीच म्हणणार, तेव्हा नाक मुरडू नकोस. हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर मी तुला बोलण्यात गुंडाळतो आणि तूही मुकाट्याने गुंडाळून घेतेस. म्हणून लिहितोय.

प्रदर्शन जोरात चाललंय. अकरा चित्रं, आणि अकराही चित्रांत बाबांचं स्टूल. ज्यावर बसून त्यांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, तेच. पुढच्या बाजूला रंगाचा डबा अडकवायचा खिळा आणि मोडक्या पायाला करकचून गुंडाळलेली सुतळी. कुठे ते उलटं पडलंय, कुठे बाबांचा घामट शर्ट पांघरून बसलंय, एका चित्रात तर नुसती सावली. समीक्षक मंडळींनी कमालच केली. एकाने त्या सुतळीच्या पायावर दीड पान खर्ची घातलं. तो खिळ्याच्या डावीकडेच का, तर म्हणे डावी बाजू काळजाची! मीही गंभीरपणे मान डोलावली. एका बाईंनी विचारलं, चित्रं अकराच का? मी म्हणालो, अपूर्णता हाच माझा विषय आहे. टाळ्या पडल्या गं. आता आठवलं तरी कानशिलं तापतात.

तुला मी प्रदर्शनाची पुस्तिका पाठवली होती. तुझं एका ओळीचं उत्तर आलं, की दादा, स्टूल अगदी मला दिसायचं तसंच आलंय. ती ओळ मी चार जणांना कौतुकाने वाचून दाखवली.

तुझा पाय मोडला होता ते दिवस आठवतात? चौदा वर्षांची होतीस. जिन्यावरून उड्या मारायची हौस नडली आणि सहा आठवडे प्लास्टर घालून आतल्या खोलीत पडून राहिलीस. बाबा बाहेरच्या खोलीत काम करायचे. पलंगावरून ते तुला थेट दिसत नसत, कपाटाच्या आरशातून तेवढे दिसायचे. कंटाळून तू वही मागितलीस, आणि बाबा जेवायला उठले की त्यांचं रिकामं स्टूल काढत बसायचीस. मी तेव्हा चित्रकलेच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला, चांगलाच शेफारलेला. तुझ्या वहीत डोकावून म्हणालो होतो, माणसं काढायला शीक, लाकूडसामान कोणीही काढतं. प्लास्टर निघालं आणि तू वही मिटलीस ती मिटलीसच.

तुझ्या लग्नानंतर तुझी पेटी, आणि तिच्यातली ती वही, माझ्याकडेच राहिली. पाच वर्षांपूर्वी लेकीला दाखवायला म्हणून तू ती वही मागितलीस, तेव्हा मी सांगितलं की घर बदलताना भिजली, टाकून द्यावी लागली. तू म्हणालीस, बरं झालं, तेवढाच पसारा कमी. वर मलाच समजावलंस, एवढं काय मनाला लावून घेतोस म्हणून. त्या वेळी वही माझ्यासमोर टेबलावर उघडी होती, बुटके. तिसरं पान होतं.

परवा बाबांना प्रदर्शनाला नेलं. पहिल्या चित्रासमोर ते खुशीत हसले. चौथ्यापाशी मात्र थबकले. चष्मा पुसला, पुन्हा घातला, कॅनव्हासपाशी बोट नेलं तसा रखवालदार खेकसला. बाबा शांतपणे म्हणाले, सुतळी उजवीकडच्या पायाला होती, मीच बांधली होती. डावीकडे ती फक्त आतल्या आरशात दिसायची. एवढंच. मी त्या घरात वाढलो आणि ते स्टूल एकदाही धड पाहिलं नव्हतं. आरशातला पाय मात्र अकरा वेळा इमानदारीने उतरवून काढला. घरी परतल्यावर दारात चप्पल काढताना बाबांनी विचारलं, तिची वही कुठंय? वर्गात चोरी पकडली गेलेल्या पोरासारखा मी त्यांच्यापुढे उभा होतो. मग आत जाऊन तुझी ती एक ओळ पुन्हा वाचली. मला दिसायचं तसंच. म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तू मला लाजवलंसुद्धा नाहीस. लाज वाटते गं. तुझी वाटते, बाबांची वाटते, आणि त्या टाळ्यांची तर फारच.

वही या पत्रासोबत पाठवतोय. शनिवारी समारोपाला मला बोलायचं आहे. तिथे आरशाची, पलंगाची आणि तुझी गोष्ट सगळ्यांसमोर सांगणार आहे. चित्रांखालच्या पाट्याही बदलायला सांगितल्या आहेत, त्यांवर तुझं नाव आधी येईल. हे दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हा खटाटोप. माफ कर असं म्हणत नाही, कारण तू लगेच करशील आणि मी पुन्हा सुटेन. अकराच का, याचं खरं उत्तर मात्र तुला देणं लागतो. बाराव्या चित्रासाठी मी सहा महिने धडपडलो, जमलं नाही. तू अकराच काढली होतीस. वहीतली पुढची पानं कोरी आहेत. त्यांना मी हात लावलेला नाही.

अजून म्हणवून घेणार असशील तर तुझाच,
दादा