औटकीतले साडेनऊ

तेल्हारा, गुरुवार, संध्याकाळ

दोन दिवस पान कोरे राहिले, माफी असावी. मन थाऱ्यावर नव्हते.

नात सुलभा अमरावतीला शिक्षिका होण्यासाठी शिकते. गणिताच्या इतिहासाच्या तासाला जुने पाढे हवेत म्हणून तिने माझी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, फोनवर रेकॉर्ड करून नेली. ती गेल्यावर ध्यानात आले, तीन औटांना मी साडेनऊ म्हणालो. साडेदहा हवे होते. सूर बरोबर लागला, म्हणून आकडाही बरोबर वाटला. साडेनऊ. पोरीचे गुण गेले तर?

"काहून जीव जाळून राहिले? तिले समजत नाही का?" बायको म्हणाली. शेवटी आज फोन केला.

"आबा, मले तवाच समजलं," सुलभा हसत होती. "तसंच ठेवलं. उद्या सरावपाठात पोरायले ऐकवीन अन् विचारीन, सांगा, आबा कुठं चुकले?"

म्हणजे माझे साडेनऊ आता धड्यात गेले. वर्गभर हसतील. हसू देत, मला बरेच वाटले. पण कोणालाच चूक सापडली नाही, आणि पोरांनी साडेनऊच पाठ केले तर? पोरी, सापडली की लगेच कळव.