पुस्तकात नाव नाही

आई,

बाबा गेल्या महिन्यात गेले. म्हणजे खरेखुरे गेले. मंगळवारी दुपारी मी गवार निवडत बसले होते, तर मोबाईलवर एका अनोळखी बाईचा मेसेज आला, इंग्रजीत. आडनाव आपलं, माझं माहेरचं. तिचे वडील वारले, तिकडे फ्रान्समध्ये. शेवटी शेवटी ते मराठीच बोलायचे म्हणे, घरात कुणाला काही कळायचं नाही. त्यांच्या कागदांत तुझा नि माझा फोटो निघाला, मागे माझं नाव लिहिलेलं, त्यावरून तिने मला फेसबुकवर शोधलं, तिथे मी माहेरचं आडनावही लावते. किती वेळ लागला गं, असं मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही. पाच मिनिटं, म्हणाली. मी फोन पालथा ठेवला आणि उरलेली गवार निवडली. राग यायला हवा होता, निदान रडू तरी. नुसता थकवा आला. गुडघे, शुगर आणि आता हे.

तू जाऊन अकरा वर्षं झाली. म्हणजे तू गेलीस तेव्हा बाबा होते. ते असतील हे मला त्याच्याही आधीपासून माहीत होतं. तुला सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, सांगितलं नाही.

तुला माझं मरोळचं ऑफिस आठवतंय का? औद्योगिक वसाहतीतला तो गाळा, खाली व्हॉल्व्ह बनायचे आणि वर आम्ही चौघं बसून ते परदेशात पाठवायचो. इंटरनेट हा शब्द तेव्हा आमच्याकडे कुणी ऐकलेलाही नव्हता. पण साहेबांनी कुठून कुठून परवानग्या काढून एक जोडणी आणली होती. आधी मुंबईतल्या मुंबईत एक नंबर फिरवायचा, तिकडून बारीक शिट्टी आली की मोडेमचं बटण दाबायचं, मग पासवर्ड, मग परदेशातल्या कॉम्प्युटरचा हा लांबलचक आकडा. सगळं नशिबाने जुळलं तर पडद्यावर हिरव्या अक्षरांत फ्रान्सची टेलिफोन डिरेक्टरी उघडायची. गिऱ्हाइकांचे नवे फोन, पत्ते त्यात शोधायचे, हे माझं काम. आडनाव टाकायचं, गाव टाकायचं आणि वाट बघायची. त्यांच्या टिंबवाल्या अक्षरांच्या जागी आमच्याकडे भलतीच चिन्हं उमटायची. मध्येच लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. साहेब मागे उभे राहून म्हणायचे, "चला, आटपा, एकेक मिनिट चालू आहे." पण मला सांगू, मला ते काम फार आवडायचं. घाटकोपरच्या चाळीत आपल्या मजल्यावर एक फोन नव्हता, आणि मी इथे बसून परक्या देशातल्या माणसांची दारं बघत होते.

आणि मी बडबडी. घरी येऊन तुला सगळं सांगितलं. तू चुलीपाशी, म्हणजे स्टोव्हपाशीच, पण तू त्याला मरेपर्यंत चूलच म्हणालीस. घावने घालत होतीस. बाबा बोटीवर गेले त्याला तेव्हा पंधरा वर्षं झाली होती, आणि मार्सेयहून आलेल्या शेवटच्या पत्राला बारा. त्या पत्रात बोट सोडून तिथल्याच गोदीत काम धरलंय एवढंच होतं. ते पत्र तू देवांच्या फोटोमागे ठेवायचीस. साड्यांना फॉल लावून मला शिकवलंस, पण पोस्टमनचा जिन्यावर आवाज आला की तुझी सुई थांबायची. बारा वर्षं थांबत होती. मी हे रोज बघायचे आणि बघून न बघितल्यासारखं करायचे.

तू घावन उलटलंस आणि माझ्याकडे न बघता विचारलंस, "तेंचा नाव बघशीत काय गो जरा? थय सगळ्यांकडे फोन असता. गरिबाकडेय असता."

मी म्हटलं, "साहेब ओरडतील."

"साहेबाक घावने ने," म्हणालीस.

नेले. साहेबांनी चार खाल्ले, बोटं चाटली आणि बँकेत निघून गेले. मी जेवणाच्या सुट्टीत बसले. दोनदा लाइन तुटली. तिसऱ्यांदा लागली. आपलं आडनाव टाकलं, कोकणातल्या एका वाडीपलीकडे कुणाला उच्चारता येत नाही ते, आणि मार्सेय टाकलं. घाईत दोनदा चुकलं. मग ओळी यायला लागतात. एकेक अक्षर येतंय, जणू कुणी पलीकडे बसून सावकाश लिहितंय. बाबांचं नाव. रस्ता. घराचा आकडा. फोन नंबर. मी खुर्चीत उठून बसले, तोंडातून "अगं बाई!" निघालं. आणि त्याच्या खाली दुसरी ओळ यायला लागली. तोच रस्ता, तेच घर, तोच नंबर. नाव एका बाईचं, त्यांच्याकडचं नाव, आणि पुढे आपलं आडनाव. तुझं आडनाव, आई.

लाइन आपोआप तुटली तेव्हा भानावर आले. शेजारच्या यंत्राने सवयीप्रमाणे सगळं कागदावर छापलं होतं. तो कागद फाडला, बारीक तुकडे केले, कचऱ्याच्या टोपलीत टाकले आणि वर चहाचा कप उपडा केला. एवढी हुशारी मला कुठून सुचली!

संध्याकाळी घरी आले. तू विचारलंस, "गावला?"

"त्या पुस्तकात नाव नाही," मी म्हटलं.

"बाजूच्या गावात असतीत."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण तू आता एकेक गाव विचारत बसशील आणि मी रोज खोटं बोलत बसेन, या धास्तीने मी एकदाच काय तो तुकडा पाडला. "अख्ख्या देशाचं पुस्तक आहे ते आई. कुठेच नाही." खरं तर गावाचं नाव दिल्याशिवाय ते पुस्तक काहीच सांगायचं नाही. तुला ते कुठून कळणार होतं?

तव्यावरचं घावन करपलं. आयुष्यात तुझ्या हातून करपलेलं ते एकच. मग म्हणालीस, "हात धू. थंड होतत."

मला वाटलं, सुटले. वाटलं, आता तू समजशील की माणूस हरवला, संपलं. तुझ्या डोक्यात काय चाललंय ते मला कळलंच नाही. चौथ्या दिवशी ऑफिसातून आले तर तुझं कपाळ मोकळं. मंगळसूत्र तांदळाच्या डब्यात ठेवलेलं. मी ओरडले, "हे काय केलंस?" तू अगदी शांत. "सरकारच्या पुस्तकात नाव नाय म्हणजे माणूस नाय. आता वाट बघूची नाय." शेजारणींना तू सांगूनही टाकलं होतंस की लेकीच्या ऑफिसातल्या मशीनवर खबर आली. भटजींनी विचारलं, किती वर्षं खबर नाही? बारा म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. हरवलेल्या माणसाला बारा वर्षं झाली की दर्भाचा माणूस करून अग्नी देतात. चुलतकाकांनी दिला. मी तुझ्या मागे बसले होते. हातभर गवताचा बाप जळत होता आणि मला त्याचा पत्ता माहीत होता. त्या वेळी तोंड उघडलं असतं तर झालं असतं सगळं सरळ. नाही उघडलं. पाय झोपले म्हणून उठून बाहेर गेले, इतकंच.

आणि आई, खोटं कशाला बोलू, तुला बरं वाटलं होतं. त्यानंतर पोस्टमन आला तरी तुझी सुई थांबली नाही. "काय म्हणतात गं मिस्टर?" विचारणाऱ्या बायकांची तोंडं बंद झाली. तू कित्येक वर्षांनी गणपतीला गावी गेलीस. दुपारी चटईवर आडवी पडून ढाराढूर झोपायला लागलीस. ते बघून मी स्वतःला सांगायचे, चांगलंच केलं की मी. पण मग संक्रांत आली. समोरच्या वहिनी वाण घेऊन सगळ्या खोल्यांतून फिरल्या आणि आपलं दार टाळून पुढे गेल्या. तू आतून बघितलंस आणि फॉलचा दोरा दाताने तोडलास. माझ्या लग्नात माझी ओटी तू भरली नाहीस, काकीला पुढे केलंस. मी म्हटलं, आई तूच भर ना. "येड्यासारखा करू नको," म्हणालीस, आणि खांबामागे जाऊन उभी राहिलीस. माझ्या प्रत्येक फोटोत तू त्या खांबामागे आहेस.

तू गेलीस तेव्हा मुलुंडला आमच्याच घरी होतीस. बायका तुला न्हाऊ घालत होत्या. कुणीतरी म्हणालं, हळदकुंकू नको, त्या विधवा ना. मी दारात उभी. देवघरात कुंकवाचा करंडा होता, चार पावलांवर. हिरवा चुडा, ओटी, कपाळभर कुंकू, सवाष्ण जायचं म्हणून तू तरुणपणी वटपौर्णिमेला किती उपास केलेस! हक्क होता तुझा. पण करंडा उचलला असता तर सगळ्यांनी विचारलं असतं, का? म्हणून मी दिव्यात तेल घालत बसले. तेव्हा निदान एवढं तरी म्हणता येत होतं, कोण जाणे, असतील का अजून. आता तेही म्हणता येत नाही.

त्या मुलीला मी अजून उत्तर दिलेलं नाही. बाबा मराठीत काय बोलायचे, हे विचारावंसं वाटतं. तिला काय कळलं असणार? हे पत्रही कुठे टाकणार, वहीत राहील. पण आता लिहायला बसलेच आहे तर एक राहिलेलं लिहिते. तुला दुखू नये म्हणून मी खोटं बोलले, असं मी आजवर धरून चालले. ते अर्धंच खरं आहे. त्या दिवसांत माझं स्थळ जमत होतं. तुझ्या व्याह्यांनी दोनदा विचारलं होतं, वडील नक्की कुठे असतात? टाकून गेलेल्या माणसाची मुलगी कुणाला हवी होती? वारलेल्याची चालत होती. पत्रिका छापायला दिली तेव्हा प्रूफ तपासायला मी एकटीच प्रेसमध्ये गेले. बाबांच्या नावामागे त्यांनी 'श्री.' छापलं होतं. प्रेसवाला म्हणाला, "ताई, बघून घ्या, सगळं बरोबर ना?" ते एकच बरोबर होतं. मी पेन मागून घेतलं, 'श्री.' खोडलं आणि स्वतःच्या हाताने 'कै.' लिहिलं.