कर्नलमधली मेमरी आणि खांबची पोपटी

५ जाने., पेण
कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा; त्यात प्रोग्रॅमना मेमरी वाटायचे तीन मार्ग. मोठ्या मशीनचा, मधल्याचा आणि चिमुकल्या मशीनचा. काम एकच, आणि तिघं एकमेकांच्या पायात पाय घालतात. चिमुकल्याचा आज उखडला. कोड केवढा तरी कमी झाला, चालतोय झकास. लोकांना नवं लिहिल्याचा आनंद होतो, मला खोडल्याचा. खाली गणपतीच्या कारखान्यात दिवसभर पॉलिशपेपर घासताहेत. त्यांचंही काम तेच.

८ जाने.
आजोबांचं उत्तर आलं. कर्नलच्या या भागाचे प्रमुख, परदेशात असतात, भेट कधी नाही. आजोबा हे माझं मनातलं नाव. मी उखडलेला मार्ग त्यांनीच तरुणपणी लिहिलेला. रागावले नाहीत. 'खऱ्या छोट्या मशीनवर चालवून दाखव. चाललं तर मीच माझ्या हाताने काढीन.'
नाही चाललं तर पॅच, म्हणजे मी पाठवलेला हा बदल, बारगळला, आणि माझ्या नावावरचं हे पहिलं मोठं काम. पण चालणार!
छोटं मशीन खांबला दादाच्या शेतावर आहे. मीच बसवलेला बोर्ड, तळहाताएवढा कॉम्प्युटर, टाकी भरली की पंप बंद करतो. फोन केला. दादा: "शनवारी ये खांबला. पोपटी लावतोय. तुझा डबा पन तपासून घे."

११ जाने., रोहा, दादाकडे
घोळ. काल बोर्डवर नवा कर्नल टाकला, मुद्दाम मेमरी खाणारी टेस्ट लावली. पंप चालूच ठेवला, खऱ्या कामात परीक्षा व्हावी म्हणून. शहाणपणा माझाच. बोर्ड गोठला. टाकी भरली तरी पंप थांबेना. पाणी उतारावरून थेट पोपटीच्या जाळात. मडक्यातल्या वालाच्या शेंगा, अंडी, सगळं अर्धकच्चं.
दादा: "मेमरी तुझी संपली नि इस्तव आमचा इझला."
शेजारचे काका: "कंपनीत पन असंच करतेस काय गो?"
मीही हसले. पण जाम चिडलेय, स्वतःवरच.

१३ जाने., पेण
सापडलं! मेमरी मोकळी करायलाही थोडी मेमरी लागते; तेवढीही उरली नाही म्हणून बोर्ड गोठला. आजोबांच्या कोडात चार विचित्र ओळी होत्या, थोडी मेमरी कायम बाजूला ठेवणाऱ्या. वर टीप नाही, काही नाही. अडगळ समजून मी फेकल्या. तेवढ्या परत आणून मधल्या मार्गात बसवल्या, वर टीप लिहिली. बाकी तिसरा मार्ग गेला तो गेलाच.
आजोबांना सगळं कळवलं, विझलेल्या जाळासकट. लपवायचं कशाला.

१५ जाने.
आजोबा: 'त्या ओळी का लिहिल्या हे मीच विसरलो होतो. त्याच बोर्डवर पुन्हा चालव. आणि ते शेंगांचं मडकं कसं लावतात, तेही कळव.'
पुन्हा पुन्हा वाचलं. फार बरं वाटलं.
दादाला फोन. "नाय हां. पंप बंद ठेवून काय ती टेस्ट कर." म्हटलं, पंप चालू आणि जाळही त्याच जागी. "आन परत बुडली तर?" तर सगळ्यांचं जेवण मी करीन. मागून वहिनी: "तुझ्या हातचं? त्यापरीस बुडलेली पोपटी बरी."

१७ जाने., खांब
बांधावर बसून लिहितेय. नवा कर्नल चढवला, टेस्ट चालू. मेमरी तळाला गेलीय, बोर्ड अजून जागा आहे. गेल्या शनिवारी इथेच गोठला होता. जाळ त्याच जागी, माझ्या हट्टाने. भांबुर्ड्याच्या पाल्याचा, ओव्याचा वास सुटलाय. काकांनी मडक्यावर पाणी शिंपडून पाहिलं, चटकन सुकलं नाही, "थोडा येल हाय अजून." पण मडक्याकडे बघतोय कोण, सगळे टाकीकडे तोंड करून.
वहिनीने फावडं हाताशी घेतलंय. "असूंदे गो. पानी वळवाया."
माझा कोडवर पूर्ण विश्वास आहे. तरी फावडं ठेवून दे असं काही मी तिला म्हटलं नाही.
पाणी काठाला आलं. वही मिटते, आता बघायचंच.